विकणे आहे

घरात एखादे लिहिणारे माणूस असले, की लिहिण्याची सगळी कामे त्याच्याकडे चालत येतात. मुंजीच्या निमंत्रणाचा मजकूर, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीविषयीचा अर्ज, कुणी निवृत्त झाले तर निरोपाचे चार शब्द. हे सारे मी आजवर बिनतक्रार लिहीत आले. गेल्या वैशाखात माझा भाचा पुण्याहून आला, आंब्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, "आत्या, गावच्या घराची जाहिरात तू लिहून दे. चाळीस शब्दांत बसव हं. त्यापुढं शब्दामागं पैसे पडतात."

चाळीस शब्द! ज्या घराविषयी माझी आई दुपारभर बोलत असे आणि तरी दिवेलागणीला "अगं, ते राहिलंच सांगायचं," म्हणून पुन्हा सुरुवात करीत असे, ते घर चाळीस शब्दांत बसवायचे!

मुलाने आपला एक मसुदा करून आणलाच होता. "कोकणातील शंभर वर्षांपूर्वीचा पुरातन वाडा, हिरवीगार बाग, स्वतंत्र कुरण, बारमाही विहीर, समुद्र वीस मिनिटांवर. फार्महाऊस अथवा होमस्टेसाठी उत्तम. ताबा त्वरित."

मी वाचले आणि मला हसू आवरेना. "अरे, वाडा काय लिहितोस? आपल्याकडं वाडा म्हणजे गुरांचा. देशावर वाड्यात माणसं राहतात, आपल्याकडं म्हशी. गावातल्या कुणी हे वाचलं, तर म्हणेल, यांनी गोठा विकायला काढलाय!"

तोही हसला. पण हसता हसता म्हणाला, "गावातलं कुणी घेणारच नाही, आत्या. घेणारे पुण्या-मुंबईचेच." ते खरे होते. मी कागद पुढे ओढला.

घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात. जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे. पाखाडी चढून गेले की गडगा, गडग्यात बेडे, बेड्यातून आत शिरले की सारवलेले खळे. तीन पायऱ्यांवर ओटी, ओटीवर झोपाळा. मग माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर, दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची काळोखी खोली. मागे स्वयंपाकघर, मागील पडवी, न्हाणी. जांभा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो. कुऱ्हाडीने तासता येतो. पुढे ऊनवारा लागेल तसतसा तो कठीण होत जातो. शंभर पावसाळे खाऊन आमच्या भिंती उभ्या आहेत त्या अशा. एवढे लिहिले तोवर माझे चाळीस शब्द संपले होते आणि मी अजून आगरात पाऊलही टाकले नव्हते.

आगर घराच्या मागे. नारळी, पोफळी, दोन फणस, रातांबे, एक जायफळ आणि पोफळींवर चढलेल्या मिरीच्या वेली. विहिरीवर पूर्वी रहाट होता. पहाटे रहाटाची करकर ऐकू आली, की आम्ही मुले पुन्हा पांघरूण ओढून घेत असू. कारण ती करकर म्हणजे मोठी माणसे उठली आहेत आणि जगाचे ठीक चालले आहे, अशी खूण होती. रहाट गेला, पंप आला, आगर मात्र होते तसेच राहिले. मग ३ जून २०२० आला. त्या दिवशी दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि दापोलीच्या किनाऱ्यावरच्या गावांतूनही आगरेच्या आगरे झोपली. आमच्या चाळीस पोफळींतल्या सहा उरल्या. माजघरावरची कौले खळ्यात येऊन पडली. टाळेबंदीचे दिवस; आम्हाला जाताही येईना. गावाहून कुणी कुणी काढलेले फोटो आले तेवढेच पाहिले.

दादा तेव्हा एकच वाक्य बोलला, "पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. लावायची कुणासाठी?" घर विकण्याचा विचार तेव्हापासूनचा. तो कुणा लोभी माणसाचा विचार नाही, एवढे मला आधीच सांगितले पाहिजे. दादाचे गुडघे पाखाडी चढू देत नाहीत. भाच्याची नोकरी त्याला दोन दिवसांच्यावर सोडत नाही. आणि मी वर्षातून एकदा जाऊन चार जळमटे काढते, एक दिवा लावते आणि परत येते. बंद घराला याहून अधिक काही लागते.

राहिले कुरण. कुरण हा जाहिरातीतला शब्द; आम्ही म्हणतो बेणे. घरापासून दहा मिनिटे चढून गेले, की सड्याला लागून आमचे तीन एकर गवत आहे. पावसाळ्याचे चार महिने त्यात गुरे घालायची नाहीत, असा दंडक. गवत कमरेएवढे होऊ द्यायचे, पिकू द्यायचे आणि दिवाळीच्या सुमारास कापायचे. फराळाच्या ताटावरून उठून आम्ही मुले बेण्यात पळत असू. विळ्यांची सरसर, भारे बांधणारी माणसे, पिकल्या गवताचा तो गोडसर वास आणि संध्याकाळी वाड्याशेजारी रचलेली गवताची उडवी. आमच्या दिवाळीला फटाक्यांपेक्षा त्या गवताचाच वास अधिक असे. एकदा गवत कापून नेले, की बेण्याचे बेडे काढून टाकायचे. मग पुढच्या पावसापर्यंत तिथे गावातले कुणाचेही गुरू चरावे. म्हणजे वर्षाचे चार महिने ते बेणे आमचे आणि आठ महिने गावाचे. असे कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण कुणी मोडलेही नव्हते.

आता गावात गुरेच मोजकी राहिली. गवत कापायला माणूस मिळत नाही, आणि न कापलेले गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण. फाल्गुनात सड्यावर कुठेतरी ठिणगी पडते आणि वाऱ्याबरोबर आग शेजारच्या कलमांच्या बागेपर्यंत जाते. दोन वर्षांपूर्वी तसे होता होता राहिले. ज्याला गवताचे काही करता येत नाही त्याने बेणे धरून ठेवू नये, हे मलाही पटते.

पण घेणार कोण? कुळकायदा १९४८ सालचा. त्या कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. आमची भातशेते तेव्हा गेली. आजोबा काही दिवस गप्प गप्प असत म्हणे. पण ज्यांच्या घामाने ती पिकत होती त्यांच्याकडे ती गेली, यात आज मला तरी गैर वाटत नाही. त्याच कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकावी लागते. म्हणून मी जाहिरातीत "शेतकरी असल्याचा दाखला आवश्यक" हे चार शब्द घातले. ज्याने जन्मात विळा धरला नाही पण ज्याच्या नावावर कुठेतरी सातबारा आहे, तो आमचे बेणे घेऊ शकतो. बेण्यात सारा जन्म गुरे राखलेला आमचा म्हातारा गुराखी आज असता, तर त्याला ते घेता आले नसते. त्याच्या नावावर कुठेच काही नव्हते.

सातबाऱ्याचे नाव निघाले, तेव्हा भाच्याने पिशवीतून कागदांचे भेंडोळे काढले. क्षेत्र बरोबर लिहायला हवे, म्हणून मी चष्मा लावून बसले. नव्या उताऱ्यावर दादाचे आणि माझे अशी दोन नावे. बेण्यापुढे थोडे वरकस आणि बाकीचा पोटखराबा. ज्या जमिनीने तीन गाई, दोन बैल आणि एक म्हैस वर्षभर पोसली, भाताच्या राबाला गवत पुरवले, तिला सरकारदप्तरी पोटखराबा म्हणतात! सरकारचा त्यात दोष नाही. नांगर चालत नाही ती जमीन लागवडीच्या हिशेबात धरायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिशेबात न धरलेली माणसेही घरात असतात. हे मला पुढचा कागद हातात येईपर्यंत सुचले नव्हते.

पुढचा कागद हाताने लिहिलेला जुना उतारा होता. त्यावर आजोबांच्या नावाखाली बाबांचे नाव, आणि त्याखाली आणखी एक नाव. त्या नावाला कंस केलेला. जुन्या उताऱ्यांवर असे असते: ज्याचा हक्क गेला त्याचे नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. कंसातले नाव बायोआत्याचे होते. शेजारी फेरफाराचा आकडा, आणि फेरफारात लिहिले होते, की आपला हिस्सा तिने भावाच्या लाभात राजीखुशीने सोडला. साल १९६४. महिना नोव्हेंबर. भाऊबीजेनंतरचा आठवडा असावा तो.

बायोआत्या बाबांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरे झाले आणि ती माहेरी आली. नंतर २००४ साली गेली तेव्हाच ती त्या घरातून बाहेर पडली. आजी लवकर गेलेली, आजोबा १९६३ साली गेले, बाबा मुंबईला नोकरीत. तेव्हा घर म्हणजे बायोआत्याच. पहाटे रहाट चालू करायला गड्याला उठवणारी ती. बेण्यात कापणीच्या दिवशी भाकऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन जाणारी ती. गाय अडली तर रात्रभर कंदील घेऊन वाड्यात बसणारी ती. पावसाच्या आधी पडवीला झापे बांधून घेणे, कौले परतून घेणे, सुपारीचे पैसे मोजून मुंबईला पाठवणे, हे सारे तिचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जायचो ते तिच्या घरी. आणि आम्ही म्हणायचो मात्र, आमच्या घरी. मुंबईला आमच्याकडे कुणी विचारले तर मोठी माणसे सांगत, "बहिणीला ठेवून घेतलंय गावी." ते वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते, की त्यात मला कधी काही खटकले नव्हते.

त्या रात्री मी कायद्याचे पुस्तक काढले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वारसा दिला. आजी नव्हती, म्हणजे आजोबांच्या वाट्याचे आठ आणे बाबा आणि बायोआत्या यांच्यात सारखे. रुपयातले चार आणे तिचे. त्या कायद्याचे २३ वे कलम तेव्हा असे होते, की कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. पण मुलगी अविवाहित, टाकलेली किंवा विधवा असेल, तर तिला तिथे राहण्याचा हक्क होता. हे कलम २००५ साली रद्द झाले आणि मुलींना पुरता हक्क मिळाला. माझे नाव सातबाऱ्यावर आज निमूट उभे आहे, त्याला कुणी कंस केला नाही, ते या बदललेल्या काळाचेच देणे.

म्हणजे १९६४ च्या त्या सहीपूर्वी बायोआत्या त्या घरात हक्काने राहत होती, आणि सहीनंतर भावाच्या मर्जीने. राहणे तेच, चूल तीच, पहाटेचा रहाटही तोच. आम्ही तिला ठेवून घेतले नव्हते. तिने आमचे घर ठेवले होते.

बाबा वाईट नव्हते. भाऊबीजेला तिने ओवाळले की ते तबकात नेहमी लुगड्याचे पैसे ठेवीत, आणि ती ते मोडून आम्हाला खाऊ आणी. "सही कर" म्हटले असेल त्यांनी, आणि "कुठं करू?" एवढेच तिने विचारले असेल. त्या काळी घरोघरी हेच होई आणि यालाच चांगल्या घराची रीत म्हणत. पण पुराणातल्या बहिणीला कंस भाऊ मिळाला, तो तिला तुरुंगात घालणारा. आमच्याकडच्या भावांनी तुरुंगाऐवजी कागदावरच्या कंसावर भागवले. मला वाटते, त्याचा आवाज झाला नाही म्हणूनच तो इतका टिकला.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. कंसाचे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांनी तिला शेवटपर्यंत सांभाळलं, एवढं तरी म्हणशील की नाही?"

"म्हणेन. पण घर तिनं सांभाळलं, दादा."

"ते मी नाही कुठं म्हणतोय? पण आता काय करायचं म्हणतेस? ती तर नाही. तिच्यामागं कुणी नाही. चार आणे द्यायचे कुणाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. काही देणी अशी असतात, की फेडायची बुद्धी होईपर्यंत घेणारे माणूसच उरत नाही. फोन ठेवून मी पुन्हा सातबाऱ्याकडे पाहत बसले. त्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. वाट, पाणी, कूळ, बोजा, जे कुणाचे त्या जमिनीवर असेल ते तिथे लिहायचे. आमच्या उताऱ्यावर तो रकाना कोरा होता. आणि मला एकदम आमच्या खालच्या अंगाची वहिनी आठवली.

त्यांच्या घराला विहीर नाही. तिच्या आजेसासूपासून ते लोक आमच्या मागील बेड्याने येऊन पाणी भरतात. चैत्र-वैशाखात गावच्या नळाला एकाआड एक दिवस पाणी येते, तेव्हा त्यांचे घर आणि त्यांची एक म्हैस आमच्या विहिरीवरच चालते. बायोआत्याने त्यांना कधी होय म्हटले नाही, कारण त्यांनी कधी विचारले नाही. विचारावे लागेल असे दोघींनाही वाटले नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी खळ्यात पडलेली कौले गोळा करून, शाबूत होती ती ओटीवर रचून ठेवली, ती या वहिनीने आणि तिच्या मुलाने. आता नवा धनी येईल. गडगा काढून तारेचे कुंपण घालील, बेड्याच्या जागी कुलपाचे फाटक बसवील. त्याचा तरी काय दोष? त्याने घेतलेल्या कागदावर वहिनीची घागर कुठे असणार?

मी दादाला पुन्हा फोन केला. म्हटले, "माझी सही हवी ना? मग आधी एक लिहा. विहिरीचं पाणी आणि मागल्या बेड्याची वाट, यावर खालच्या घराचा हक्क. खरेदीखतात लिहा आणि जाहिरातीतही लिहा. मागाहून कुणी म्हणायला नको, की आम्हाला सांगितलं नव्हतं."

भाचा चिडला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. "आत्या, असं लिहिलं तर किंमत उतरते. माणसाला जागा सुटसुटीत हवी असते. आणि त्यांना कुठं कागद हवाय?"

"बायोआत्यालाही कुठं हवा होता?" मी म्हटले.

दादाने दोन दिवस घेतले. ते दोन दिवस मला बरे गेले नाहीत. माझ्याच भावाला मी सहीसाठी अडवून धरते आहे, हे काही सुखाचे नव्हते. बायोआत्याने जे केले नाही ते आपण करतो आहोत, असे एकदा वाटे. आणि ते तिच्याच नावावर खपवतो आहोत, असेही एकदा वाटे. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. "लिही," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आणि ते 'पुरातन वाडा' काढलंस ना? मला लाज वाटत होती त्याची."

तर जाहिरात अशी झाली: "दापोली तालुक्यात जांभ्या चिऱ्याचे जुने कौलारू घर, आगर आणि तीन एकर गवताचे बेणे विकणे आहे. छपराची दुरुस्ती करावी लागेल. विहीर बारमाही. विहिरीच्या पाण्यावर व मागील वाटेवर शेजाऱ्यांचा हक्क आहे. शेतकरी असल्याचा दाखला आवश्यक." चाळीसात बसवायची अट पाळली. 'ताबा त्वरित' मी गाळले. बायोआत्याला तो उभ्या जन्मात मिळाला नाही. नव्या धन्याने चार दिवस थांबायला हरकत नसावी.

जाहिरात गणपतीनंतर आली. फोन फारसे आले नाहीत. वहिनीला मी सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "एवढं कशाला वो लिवायचं?" आणि पदराने डोळे पुसले. बेण्यातले गवत यंदा तिच्या मुलाने कापून घ्यावे असे ठरले आहे. म्हशीला होईल आणि वणव्याची भीती टळेल. या दिवाळीला आम्ही सगळे गावी जाणार आहोत. पुढच्या दिवाळीला ते घर आमचे असेल की नाही, सांगता येत नाही.

परवाच एका मध्यस्थाचा फोन आला. गिऱ्हाईक चांगले आहे, पैसा रोख आहे, म्हणाला. मग नेहमीचे प्रश्न. रस्ता कुठवर येतो, वीज आहे का, मालक किती. शेवटी म्हणाला, "मॅडम, घरात कुणाचा राहण्याचा हक्कबिक्क नाही ना? नंतर भानगड नको."

"होता," मी म्हटले. "१९६४ पर्यंत."

तो क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, "मग आता काही प्रश्न नाही. आणि विहीर बारमाही आहे ना?"

"आहे," मी म्हटले. "पण तिच्यावर शेजाऱ्यांचा हक्क आहे. जाहिरातीत लिहिलंय."